मेथोट्रेक्सेट घरात आलं की: आठवड्यातून एकच दिवस, आणि त्यामागचा एक कार्बन

माझ्या आत्याला साठीत रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा संधिवात, निघाला. सकाळी तासभर बोटं वळायची नाहीत, सांडशी धरता यायची नाही. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं, आठवड्यातून एकदा. औषधाच्या दुकानातून जी पुडी आली तिच्यावर पेनाने ‘१-०-०’ लिहिलेलं होतं. आत्याला बीपीच्या गोळीमुळे ही खूण पाठ होती: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. तिने सहा दिवस रोज सकाळी एक गोळी घेतली. सातव्या दिवशी तोंड इतकं आलं की घोटभर पाणी गिळवेना, आणि रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी धोक्याच्या खाली गेल्या होत्या. ती वाचली. बारा दिवस रुग्णालयात काढून घरी आली.

मी बायोकेमिस्ट्री शिकवते. हे औषध पेशीत ज्या एन्झाइमवर, म्हणजे रासायनिक काम घडवून आणणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतं, ते दरवर्षी फळ्यावर काढते. तरी आत्याची पुडी मी उघडून पाहिली नव्हती. म्हणून हा लेख. घरात कुणाला संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट सुरू झालं असेल, तर पहिल्या गोळीपासून काय काय करायचं ते क्रमाने सांगते. डोस किती, कधी वाढवायचा, कधी थांबवायचा हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांनी सांगितलेलं घरी नीट पार पडावं, ही जबाबदारी आपली असते.

आधी तो कार्बन समजून घ्या

हा भाग गाळून पुढे जाऊ नका. पुढची जवळजवळ प्रत्येक सूचना इथूनच निघते.

पेशीचे दोन भाग व्हायचे तर डीएनएची नक्कल हवी, आणि नकलेसाठी डीएनएची अक्षरं हवीत. त्यातली ए आणि जी ही दोन अक्षरं प्युरिन जातीची. प्युरिनचा सांगाडा नऊ अणूंचा असतो आणि पेशी तो दहा पायऱ्यांत, तुकडे जोडत जोडत उभा करते. काही तुकडे अमिनो आम्लांतून येतात, एक कार्बन डायऑक्साइडमधून. उरलेले दोन कार्बन, क्रमांक २ आणि क्रमांक ८, हे एकेकटे येतात. जॉन बुकॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात कबुतरांना खूण केलेले अणू खाऊ घालून, त्यांच्या विष्ठेतल्या युरिक ॲसिडमध्ये कुठला अणू कुठे बसला ते शोधलं, तेव्हा हा हिशेब लागला. इतक्या साध्या पक्ष्याकडून इतकं खोल उत्तर मिळालं, याचं मला अजून नवल वाटतं.

सुटा कार्बन पेशीत मोकळा फिरू शकत नाही, त्याला वाहून नेणारं कुणीतरी लागतं. ते काम फोलेट करतं, म्हणजे फॉलिक ॲसिडचं पेशीतलं रूप. फोलेटच्या पाठीवरून कार्बन उतरवून प्युरिनच्या सांगाड्यात बसवणारी दोन एन्झाइमं आहेत. पहिलं तिसऱ्या पायरीवर काम करतं, दुसरं नवव्या पायरीवर. या दुसऱ्याचं नाव आयकार ट्रान्सफॉर्मिलेज. आयकार हे अर्धवट तयार झालेल्या सांगाड्याचं नाव. त्यात एकच कार्बन कमी असतो. हे एन्झाइम तो बसवतं आणि त्याच प्रथिनाचा दुसरा भाग लगेच कडं बंद करून टाकतो. दोन्ही कामं एकाच प्रथिनात, एटीआयसी नावाच्या एकाच जनुकातून. या प्रथिनाचे दोन रेणू जोडीने राहतात आणि कार्बन बसवण्याची जागा त्या दोघांच्या सांध्यावर असते.

तिसरं एक एन्झाइम, थायमिडिलेट सिंथेज, डीएनएचं टी अक्षर बनवण्यासाठी फोलेटकडून कार्बन घेतं. ते काम करताना फोलेट उतरतं, बॅटरी उतरावी तसं. ते पुन्हा चार्ज करणारं एन्झाइम म्हणजे डायहायड्रोफोलेट रिडक्टेज. नाव लांब आहे, म्हणून याला पुढे ‘चार्जर’ म्हणते.

आता औषध. मेथोट्रेक्सेट रचनेने फॉलिक ॲसिडसारखंच दिसतं, दोन बारीक फरक सोडले तर. त्या सारखेपणामुळे ते चार्जरवर घट्ट बसतं आणि चार्जिंग बंद पाडतं. कर्करोगासाठी मोठ्या डोसमध्ये देतात तेव्हा मुख्य काम हेच. संधिवातासाठी डोस फार लहान असतो आणि तिथे आणखी एक गोष्ट घडते. पेशीत शिरलेल्या मेथोट्रेक्सेटला पेशी ग्लुटामेटची शेपटी जोडते, एकामागून एक. शेपटी लांबली की औषध पेशीबाहेर पडू शकत नाही, आठवडेच्या आठवडे आत राहतं. आणि शेपटीवालं मेथोट्रेक्सेट आयकार ट्रान्सफॉर्मिलेजला बिनशेपटीच्या औषधापेक्षा कितीतरी जोरात अडवतं. कार्बन बसत नाही, आयकार साठत जातं. साठलेल्या आयकारमुळे पेशीबाहेर ॲडेनोसिन नावाचा रेणू वाढतो, आणि ॲडेनोसिन सूज आणणाऱ्या पेशींना शांत करतं. न्यू यॉर्कच्या ब्रूस क्रॉनस्टीन यांच्या गटाने १९९० च्या दशकात हा धागा उलगडला. औषधाचे आणखीही मार्ग आहेत, पण सांध्यांच्या बाबतीत हा मोठा मानला जातो.

इथेच ‘आठवड्यातून एकदा’चं उत्तर आहे. गोळी घेतल्यावर रक्तातलं औषध एकदोन दिवसांत बहुतेक निघून जातं, पण शेपटीवालं औषध पेशीत बसून आठवडाभर काम करतं. मधल्या सहा दिवसांत अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी बनवणारा गर), तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर सावरून घेतात. या सतत विभागत राहणाऱ्या पेशींना रोज नवी अक्षरं लागतात. रोज गोळी घेतली तर त्यांना श्वास घ्यायलाही फुरसत मिळत नाही. आत्याचं तोंड आलं आणि पांढऱ्या पेशी घसरल्या, त्या नेमक्या याच क्रमाने.

पहिल्या गोळीआधी

डॉक्टर काही तपासण्या सांगतील: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी आणि एसजीओटी (यकृतासाठी), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), कावीळ ब आणि क साठीच्या चाचण्या, छातीचा एक्स-रे. खर्च वाटतो म्हणून यातलं काही टाळू नका. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड मंद असेल तर आठवड्याचा डोसही रोजच्या डोससारखा साठू लागतो. यकृतात जुनी कावीळ लपलेली असेल किंवा छातीत जुना टीबी असेल, तर ते आधी कळलेलं बरं.

आणि स्वतःहून सांगा: दारू किती घेता, पूर्वी टीबी झाला होता का, मूल होऊ द्यायचा विचार आहे का, रोज कुठल्या गोळ्या, काढे, चूर्णं घेता. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

वार ठरवा आणि तो लिहून घ्या

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. चिठ्ठीवर नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ पुरेसं नाही. डॉक्टरांना विनंती करा की वाराचं नाव लिहा: ‘फक्त शनिवारी रात्री, जेवणानंतर’. वाराचं नाव लिहिलं की ‘१-०-०’ सारख्या खुणेला जागाच उरत नाही. चिठ्ठीवरचं इंग्रजी ‘ओ.डी.’ म्हणजे रोज एकदा. आठवड्याची खूण त्याच्यासारखीच दोन अक्षरांची असते आणि घाईच्या अक्षरात दोन्ही सारखीच दिसतात.

वार निवडताना घरातला उपास बघा. संकष्टीची तारीख वार बदलत फिरते, पण मंगळवार किंवा गुरुवारचा नेम असेल तर तो वार नको. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, आणि निर्जळी उपासात शरीरातलं पाणी घटतं, ते या औषधाला मुळीच सोसत नाही. पुष्कळांना गोळीच्या दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटतं, म्हणून नोकरी करणारे शनिवारची रात्र पसंत करतात. आमच्या घरी शनिवारच ठरला.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षभराच्या शनिवारांना लाल गोल करा. गोळी घेतली की गोलात टिक. आधी टिक करून ‘घेईन नंतर’ असं चालणार नाही. टिक नसेल तर गोळी घेतली नाही, टिक असेल तर घेतली, एवढा हा सरळ नियम. आत्याच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर तेच कॅलेंडर लटकतं आणि तिचा नातू शनिवारी ‘आज गोल आहे’ म्हणून ओरडतो. घरात एक माणूस या कामाला नेमा, विशेषतः रुग्ण वयस्क असेल, दिसत कमी असेल किंवा विसर पडत असेल तर.

दुकानात काय पाहाल

मेथोट्रेक्सेट आपल्याकडे २.५, ५, ७.५, १०, १५ मिलिग्रॅम अशा गोळ्यांत मिळतं. संधिवातात सुरुवात सहसा आठवड्याला ७.५ ते १५ मिलिग्रॅमने होते आणि डोस साधारण २५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवत नेतात. डॉक्टरांनी १० मिलिग्रॅम सांगितले असतील तर ते २.५ च्या चार गोळ्यांतून येतील किंवा १० च्या एका गोळीतून. नेहमीच्या चार गोळ्यांची सवय झालेल्या घरात एके दिवशी दुकानदाराने १० मिलिग्रॅमची स्ट्रिप दिली, तर चार गोळ्या म्हणजे ४० मिलिग्रॅम होतात. म्हणून दर वेळी एकाच ताकदीची गोळी मागा, आणि गोळ्या मोजण्याऐवजी मिलिग्रॅम मोजा.

आपल्याकडे दुकानात स्ट्रिप कात्रीने कापून चार गोळ्या देण्याची पद्धत आहे. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव उरत नाही, कधी मुदतीची तारीख. मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप कापू देऊ नका. फार तर चार आठवड्यांपुरत्या गोळ्या आणा, पण पुरं नाव दिसेल अशा.

आता एक गोष्ट जी माझ्या मते चिठ्ठीवर ठळक छापायला हवी: मेथोट्रेक्सेटची गोळी पिवळसर असते आणि फॉलिक ॲसिडची गोळीही पिवळी, दोन्ही लहान. एक आठवड्यातून एकदा घ्यायची, दुसरी कधी कधी रोज घ्यायला सांगतात. दोन्ही एका डब्यात ठेवल्या तर कधी ना कधी अदलाबदल होणारच. मेथोट्रेक्सेट वेगळ्या पत्र्याच्या डबीत ठेवा, डबीवर मोठ्या अक्षरात ‘फक्त शनिवारी’ लिहा, आणि ती डबी रोजच्या गोळ्यांच्या डब्याजवळ ठेवू नका. लहान मुलांच्या हाती लागणार नाही, अशी जागा निवडा. गोळी कुटू किंवा तोडू नका, आणि घरातल्या गरोदर बाईने तिला हात लावू नये.

फॉलिक ॲसिड: कधी आणि का

काहींना आठवड्यातून एकदा ५ मिलिग्रॅम देतात, मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. काही डॉक्टर रोज १ मिलिग्रॅम सांगतात, काही मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून बाकी सगळे दिवस. तुमच्या डॉक्टरांनी जी पद्धत सांगितली ती कॅलेंडरवर दुसऱ्या रंगाने लिहा. फॉलिक ॲसिडमुळे मळमळ, तोंड येणं, एसजीपीटी वाढणं हे सगळं कमी होतं. औषधाचा सांध्यांवरचा गुण त्यामुळे फारसा जात नाही, म्हणून ‘विरुद्ध गोळी आहे’ असं समजून ती टाळू नका.

लोक मला हमखास विचारतात, मेथीची भाजी चालेल का? नावात साम्य आहे म्हणून भीती वाटते. मेथी, पालक, चवळी, अळू खुशाल खा. १९४१ मध्ये पालकाच्या चार टन पानांतून फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व वेगळं काढलं आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं. ताटातल्या पालेभाजीतलं फोलेट डोसाचा हिशेब बिघडवत नाही.

इथे मुंबईचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या, गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणातल्या पंडुरोगाचा अभ्यास करायला. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना त्यांना दिसलं की यीस्टच्या अर्काने या बायका सुधारतात. त्या अर्कातला घटक म्हणजे फोलेट. पुढे आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत लेडर्ले कंपनीत फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवणाऱ्या चमूचं नेतृत्व केलं, आणि त्याच प्रयोगशाळेतून फोलेटला अडवणारी संयुगं निघाली. त्यातलं अमिनोप्टेरिन वापरून सिडनी फार्बर यांनी बॉस्टनमध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांवर उपचार केले आणि १९४८ मध्ये ते प्रसिद्ध केले. सुब्बाराव त्याच वर्षी गेले. मेथोट्रेक्सेट अमिनोप्टेरिनचं धाकटं भावंड. संधिवातावर ते खरोखर चालतं हे १९८० च्या दशकातल्या चाचण्यांनी दाखवलं आणि अमेरिकेत १९८८ मध्ये या आजारासाठी त्याला मंजुरी मिळाली.

गोळीची रात्र, दुसरा दिवस, आणि वाट पाहणं

रात्री पोटभर जेवून पाण्याबरोबर गोळी घ्या. झोपेत मळमळीचा काळ निघून जातो. दुसऱ्या दिवशी पाणी, ताक, पेज असं पातळ भरपूर घ्या. मळमळ फारच असेल तर डॉक्टरांना सांगा. कधी ते त्याच दिवशीचा डोस दोन भागांत घ्यायला सांगतात, कधी पोटावर किंवा मांडीवर कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन देतात. तोंडाने घेतलेलं औषध साधारण १५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की आतड्यात पूर्वीच्या प्रमाणात शोषलं जात नाही, म्हणूनही इंजेक्शनकडे वळतात. डोस दोन भागांत घेणं म्हणजे एकाच दिवसात सकाळ-संध्याकाळ. शनिवारी अर्धा आणि सोमवारी अर्धा असा मनाने बदल करू नका.

चहा-कॉफीचं काय? कॅफीन ॲडेनोसिनला अडवतं, म्हणून ही शंका रास्त आहे. काही अभ्यासांत जास्त कॉफी पिणाऱ्यांना गुण कमी दिसला, काहींत फरक दिसला नाही. नेहमीचे दोन कप चहा सोडण्याचं कारण मला दिसत नाही.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. शेपट्या लागून औषध पेशींत साठायला वेळ लागतो, हे त्याचं मोठं कारण. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी सोडणारे फार भेटतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण सूज चालू राहिली की सांध्याची झीज परत भरून येत नाही. मधल्या काळासाठी डॉक्टर दुसरी औषधं देतात.

शनिवार चुकला तर? रविवारी किंवा सोमवारी आठवलं तर तेव्हा घ्या आणि पुढचा डोस नेहमीच्या शनिवारी. दोन दिवसांहून जास्त उलटले तर तो आठवडा सोडून द्या. चुकलेला आणि चालू, असे दोन डोस एकत्र कधीच घेऊ नका.

रक्ततपासणी

पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, मग सहा महिन्यांपर्यंत आठ ते बारा आठवड्यांनी, पुढे दर बारा आठवड्यांनी, असा सर्वसाधारण क्रम आहे. डोस वाढवला की पुन्हा जवळजवळ तपासतात. तपासायचं सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन. रक्त गोळीच्या दुसऱ्याच दिवशी देऊ नका. त्या एकदोन दिवसांत एसजीपीटी तात्पुरता वर जातो आणि उगाच घाबरायला होतं. शनिवारी गोळी असेल तर गुरुवार-शुक्रवार बरा.

एक वही करा. तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एमसीव्ही, एसजीपीटी, क्रिएटिनिन, एवढे रकाने पुरेत. एका रिपोर्टवरून जेवढं कळतं त्याहून जास्त सलग चार रिपोर्टांच्या उतरंडीवरून कळतं. पांढऱ्या पेशी ७,००० वरून ६,०००, मग ४,८०० अशा उतरत असतील, तर प्रत्येक रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेलं असूनही डॉक्टरांना वही दाखवा.

एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, याबद्दल थोडं जास्त सांगते. डीएनए बनवायला कार्बन कमी पडला की तांबड्या पेशी मोठ्या होतात, म्हणून मेथोट्रेक्सेटवर एमसीव्ही चढू शकतो. पण बी-१२ कमी असलं तरी नेमकं तेच होतं, कारण बी-१२ नसेल तर फोलेट एका निकामी रूपात अडकून पडतं आणि कार्बन वाहायला मोकळं राहत नाही. पुण्यात चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळजवळ दोन-तृतीयांश पुरुषांचं बी-१२ कमी निघालं होतं. दूध-दही कमी घेणाऱ्या शाकाहारी घरात ही शक्यता मोठी. मेथोट्रेक्सेट सुरू करतानाच बी-१२ तपासून घ्यावं, असं मी सगळ्यांना सांगते.

कुठली औषधं बरोबर नकोत

सगळ्यात आधी कोट्रायमोक्साझोल. लघवीच्या जंतुसंसर्गाला किंवा जुलाबाला ही स्वस्त गोळी सहज दिली जाते. तिच्यातलं ट्रायमेथोप्रिम जंतूंमधला तोच चार्जर बंद पाडतं, जो आपल्या पेशींत मेथोट्रेक्सेटने आधीच अडवलेला आहे. आपल्या चार्जरवर ट्रायमेथोप्रिमची पकड सैल असते, पण आधीच टेकीला आलेल्या अस्थिमज्जेला तेवढाही धक्का पुरतो. तिच्यातला सल्फा भाग मेथोट्रेक्सेटला शरीराबाहेर पडू देत नाही. या दोन औषधांच्या जोडीने सगळ्या रक्तपेशी कोसळल्याच्या नोंदी आहेत. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य हे बोला: ‘मी आठवड्याला मेथोट्रेक्सेट घेते, मला कोट्रायमोक्साझोल किंवा ट्रायमेथोप्रिम देऊ नका.’

वेदनाशामक गोळ्या संधिवाताच्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर ठीक, ते मूत्रपिंडावर लक्ष ठेवून देतात. गुडघा दुखला म्हणून दुकानातून आपणच आणून त्यात भर घालू नका.

दारू बंद ठेवा. यकृतावर दोन भार एकदम नकोत. काढ्यांबद्दलही बोलायला हवं. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद कुणी जिंकला हे ठरेपर्यंत, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या माणसाने कुठलाही काढा डॉक्टरांना न सांगता सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गुळवेल रोगप्रतिकारशक्ती चाळवण्यासाठी घेतात, आणि आपण इथे तीच शांत करतो आहोत.

लसींमध्ये जिवंत जंतूंच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. फ्लूची लस घ्यावी. आजार आटोक्यात असेल तर त्यानंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगतात, म्हणजे लस चांगली लागते.

आजारी पडाल तेव्हा

मे महिन्यात जुलाब-उलट्या लागल्या, ताप चढला, पाणी पोटात ठरेना, तर त्या आठवड्याची गोळी घेऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा. शरीरातलं पाणी घटलं की मूत्रपिंड मंदावतं आणि औषध बाहेर पडत नाही. एक आठवडा चुकल्याने संधिवात लगेच उसळत नाही, पण साठलेलं औषध दोन दिवसांत अंगावर येऊ शकतं.

तोंड आलं, घसा लाल होऊन ताप आला, अंगावर निळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त आलं, डोळे पिवळे झाले, तर वाट पाहू नका. कोरडा खोकला आणि चालताना दम लागणं याला तर सर्दी समजण्याची चूक फार होते. मेथोट्रेक्सेटने क्वचित फुप्फुसाला सूज येते आणि तेव्हा गोळी ताबडतोब बंद करावी लागते.

रोज घेतली गेली असेल तर

समजा दोन दिवस लागोपाठ गोळी गेली, आणि काहीच त्रास नाही. तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. पेशी घसरायला काही दिवस लागतात आणि उपचार त्याआधी सुरू व्हायला हवा. घरात फॉलिक ॲसिड आहे म्हणून त्याच्या चार गोळ्या देऊन मोकळं होऊ नका. फॉलिक ॲसिड कामाला लागायचं तर त्याला आधी त्याच चार्जरमधून जावं लागतं, आणि चार्जर तर मेथोट्रेक्सेटने बंद केलेला आहे. उपचारात देतात ते फोलिनिक ॲसिड, ज्याला ल्युकोव्होरिन म्हणतात. ते आधीच चार्ज झालेलं फोलेट असतं, चार्जरला वळसा घालून थेट कार्बन वाहायला लागतं. आत्याला तेच दिलं. रुग्णालयात पोहोचल्यावर किती दिवस, किती मिलिग्रॅम घेतलं ते नेमकं सांगा आणि गोळ्यांची स्ट्रिप बरोबर न्या.

मूल होऊ द्यायचं असेल तर

वाढणाऱ्या गर्भाच्या पेशींना या कार्बनाची गरज सगळ्यात जास्त असते. मेथोट्रेक्सेटने गर्भपात होऊ शकतो किंवा बाळात गंभीर व्यंग राहू शकतं. गर्भनलिकेत अडकलेला गर्भ थांबवण्यासाठी हेच औषध वापरतात, यावरून त्याची ताकद ओळखा. औषध चालू असताना खात्रीचं गर्भनिरोधन हवं. दिवस राहू देण्याआधी किती महिने थांबायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, सहसा तीन महिने किंवा अधिक सांगतात, आणि फॉलिक ॲसिड तेवढा काळ चालूच ठेवतात. पाळी चुकली तर पुढची गोळी घेण्याआधी तपासणी करा. अंगावर पाजणाऱ्या आईने हे औषध घेऊ नये. पुरुषांनीही मूल हवं असेल तर आधी विचारावं.

पाकिटातला कागद

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि मराठीत आणि इंग्रजीत लिहा: रुग्णाचं नाव, मेथोट्रेक्सेट, अमुक मिलिग्रॅम, फक्त शनिवारी, फॉलिक ॲसिड कधी, कोट्रायमोक्साझोल देऊ नये, डॉक्टरांचा फोन, घरच्याचा फोन. एक प्रत पर्समध्ये, एक कॅलेंडरच्या मागे. आत्याची प्रत तिच्या बटव्यात विड्याच्या डबीखाली असते. मागच्या पावसाळ्यात गावी तिला लघवीची जळजळ झाली, तिथल्या तरुण डॉक्टरांनी कोट्रायमोक्साझोल लिहायला घेतलं, तेव्हा तिने काही न बोलता तो कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि दुसरं औषध लिहून दिलं.